स्वयंपाक्याची लेक न्यायासनावर

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे आपल्या घरातल्या चौथीच्या पोरालाही ठाऊक असते. तसबिरीखालच्या पदव्यांच्या ओळीत ते नाव आपण रोज वाचतो. त्याच विद्यापीठातून १९४६ साली एक काळी मुलगी कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे ती नामांकित वकील झाली, न्यूयॉर्क राज्याच्या कायदेमंडळात निवडून गेली आणि १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश झाली. त्या आसनावर बसणारी ती पहिली काळी स्त्री. कॉन्स्टन्स बेकर मॉटली हे तिचे नाव. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपल्या सभांतून ऐकू येते, मॉटलीबाईंचे येत नाही. म्हणून आजच्या कुटुंब पानावर आम्ही त्यांची हकिगत सांगणार आहोत. आपल्या मुलींनी ती जरूर वाचावी, आणि मुलींच्या आयांनीही.

कॉन्स्टन्स यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी न्यू हेवन या गावी झाला. बारा भावंडांतले हे नववे अपत्य. आईबाप कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस नावाच्या छोट्या बेटावरून पोटासाठी अमेरिकेत आलेले. न्यू हेवनला येल नावाचे श्रीमंतांचे विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या क्लबांत वडील स्वयंपाकी होते. म्हणजे ज्या विद्यापीठाचे अन्न बाप रांधत होता, त्याची पायरी पोरांनी चढावी असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आई मात्र धडपडी बाई. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेची गावातली शाखा उभी करण्यात तिचा पुढाकार होता.

इथे एक गोष्ट लपवून ठेवावीशी वाटत नाही. बेटावरून आलेले हे काळे लोक अमेरिकेतल्या मूळच्या काळ्या लोकांपेक्षा स्वतःला वरचे समजत. वडिलांना तर त्यांच्यात मिसळणेही आवडत नसे. मॉटलीबाईंनी स्वतः हे नमूद करून ठेवले आहे. गोऱ्याच्या दारात दोघेही सारखेच खालचे, तरी आपसांत उच्चनीच. पोटजात बघून सोयरीक करणाऱ्या आपल्या समाजाला हे फोड करून सांगायला नको.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास मैत्रिणींबरोबर समुद्रकिनारी पोहायला गेल्या असताना त्यांना काळ्या म्हणून आत जाऊ दिले नाही. स्केटिंगच्या मैदानावरही तोच प्रकार. सन १९३६-३७ चा हा काळ. आपल्याकडे चवदार तळ्याच्या पाण्याला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी हात लावला, आणि सनातन्यांनी त्यावर कोर्टात घातलेला दावा मुंबई हायकोर्टात जाऊन १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाली निघाला. पाणी तळ्याचे असो की समुद्राचे, ते कोणी प्यावे आणि त्यात कोणी उतरावे हे ठरवणारे लोक जगात सगळीकडे होते. तळ्याच्या प्रश्नाला शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि त्याला दहा वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गेन्स खटल्यात निकाल दिला. मिसुरी राज्याने काळ्या विद्यार्थ्याला कायद्याचे शिक्षण राज्यातच दिले पाहिजे, बाहेरगावी पाठवून हात झटकता येणार नाहीत, असा तो निकाल. गावच्या समाजमंदिरात एका काळ्या वकिलाने त्यावर व्याख्यान दिले. ते ऐकून कॉन्स्टन्सने वकील व्हायचे पक्के केले. पण घरात बारा तोंडे, फीचे पैसे कुठून येणार? हायस्कूल संपल्यावर तिला नोकरी धरावी लागली.

मग एक प्रसंग घडला. काळ्या वस्तीसाठी म्हणून बांधलेल्या त्या समाजमंदिरात वस्तीचे लोक का येत नाहीत, अशी सभा भरली. ही मुलगी उभी राहून बोलली: कारभारी सगळे गोरे, निर्णय सगळे त्यांचे, मग आमच्या लोकांना ही जागा आपली कशी वाटावी? सभेत क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाचे एक गोरे उद्योगपती बसले होते. समाजमंदिराला देणगी देणाऱ्यांपैकीच ते एक. टीका त्यांच्यावरच होती म्हणा ना! पण त्यांनी राग धरला नाही. तिला बोलावून विचारले, तू कॉलेजात का नाहीस? ती म्हणाली, पैसे नाहीत. पुढच्या सगळ्या शिक्षणाचा खर्च त्यांनी उचलला. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवले, त्याची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की या मुलीने आधी चारचौघांत खरे बोलून दाखवले आणि त्यातून तिची वाट उघडली.

१९४१ साली ती दक्षिणेतल्या फिस्क विद्यापीठात निघाली. वाटेत सिनसिनाटीला तिला गाडीचा डबा बदलावा लागला. पुढे काळ्यांसाठी वेगळा, जुना, गंजका डबा. दक्षिणेची ही रीत तिने पहिल्यांदा अंगावर घेतली. घरी परतताना तिने आईबापांना दाखवायला 'फक्त काळ्यांसाठी' अशी पाटीच आणली! फिस्कहून ती न्यूयॉर्कला आली, १९४३ साली अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी कोलंबियाच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झाली. महायुद्धामुळे पुरुष लढाईवर गेले होते, वर्गात जागा रिकाम्या होत्या, म्हणून बायकांना दार जरा किलकिले झाले होते. ज्या १९४६ साली ती पदवीधर झाली त्याच वर्षी बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. आपल्या माणसांचे गाऱ्हाणे जगापुढे कसे मांडावे याचा विचार दोन्हीकडे एकाच वेळी चालला होता.

शिकत असतानाच, १९४५ च्या ऑक्टोबरात, थर्गुड मार्शल यांनी तिला एन.ए.ए.सी.पी.च्या कायदा संरक्षण निधीत कामाला घेतले. हेच मार्शल पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. तिथे तिने जवळजवळ वीस वर्षे काढली. १९४६ साली जोएल मॉटली यांच्याशी लग्न झाले, पुढे मुलगा झाला. घर सांभाळून दक्षिणेतल्या कोर्टांच्या वाऱ्या सुरू राहिल्या.

त्या वाऱ्या काय होत्या हे समजले पाहिजे. १९४९ साली मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन शहरात एका काळ्या शिक्षिकेचा खटला होता. गोऱ्या शिक्षकांइतकाच पगार मिळावा एवढेच तिचे मागणे. मॉटलीबाई आणि त्यांचे सहकारी तिथे उभे राहिले. काळ्या वकिलाला हॉटेलात खोली नाही, खाणावळीत ताट नाही. मग वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी राहायचे, त्यांच्याच घरचे जेवायचे. कोर्टाच्या दालनात भिंतभर चित्र रंगवलेले, त्यात काळी माणसे कष्टाच्या कामाला जुंपलेली! त्या चित्राच्या समोर उभे राहून समानतेचा युक्तिवाद करायचा. आणि इतके करून तो खटला हरला. आधी शाळाखात्यातल्या सगळ्या पायऱ्या चढून या, मग कोर्टात या, असे कारण देऊन वरच्या कोर्टानेही १९५१ साली तो काढून टाकला. तरी एक काळी बाई गोऱ्या साक्षीदारांना कोर्टात उभे करून प्रश्न विचारते, हे बघायला वस्तीच्या लोकांनी दालन भरून टाकले होते. हरलेला खटलाही कधी कधी काही देऊन जातो.

नावाने हाक मारायची गोष्ट घ्या. दक्षिणेतले गोरे वकील काळ्या माणसाला 'श्रीमान' किंवा 'श्रीमती' लावत नसत. म्हाताऱ्यालाही 'ए पोरा', नाही तर नुसते पहिले नाव. मॉटलीबाईंनाही 'श्रीमती' म्हणायला जीभ वळायची नाही, स्थानिक पेपरवाले तर 'ती मॉटली बाई' असेच लिहीत. त्याच काळात अलाबामात मेरी हॅमिल्टन नावाच्या कार्यकर्तीला सरकारी वकिलाने साक्षीत नुसते 'मेरी' म्हटले. 'मिस हॅमिल्टन' म्हणा, मग उत्तर देते, असे तिने सांगितले. कोर्टाने बेअदबीची शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ती रद्द केली. पाटलाच्या पोराने आपल्या आजोबांना अरे-तुरे केलेले ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा खटला क्षुल्लक वाटणार नाही. मॉटलीबाई स्वतः कोर्टात नेहमी अगदी नीटनेटक्या, चांगल्या पोशाखात जात. बाबासाहेबांच्या सुटाबुटावर टीका करणारे आजही भेटतात. कपड्यांचा अर्थ ज्याला वर्षानुवर्षे चांगला कपडा घालू दिला नाही त्यालाच कळतो.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. ब्राऊन खटला म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. त्याची मूळ फिर्याद लिहिण्यात मॉटलीबाईंचा हात होता. निकाल लागला, पेपरात छापून आला, लोकांनी आनंद केला. आणि शाळांची दारे? ती बंदच राहिली. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते हे आपल्याला सांगायला नको, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आपण पाहिलेला आहे. ते अंतर एकेका शाळेसाठी, एकेका विद्यार्थ्यासाठी नवी फिर्याद घालून कोणीतरी तोडायचे होते. मॉटलीबाईंचे खरे मोठेपण आम्हाला इथे दिसते. जानेवारी १९६१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात दोन काळे विद्यार्थी त्यांनी कोर्टाच्या हुकमाने आत नेले.

त्याच महिन्यात जेम्स मेरेडिथ या हवाई दलातून परतलेल्या तरुणाचे पत्र संस्थेकडे आले. त्याला मिसिसिपी विद्यापीठात शिकायचे होते. ते काम मॉटलीबाईंकडे आले. मे अखेर फिर्याद दाखल झाली. तारखांवर तारखा. विद्यापीठात वर्णभेद आहे याचा पुरावाच नाही, असे खालच्या न्यायाधीशाने म्हटले. एकही काळा विद्यार्थी कधी आत गेलेला नसताना! अपील झाले. वरच्या कोर्टाने प्रवेश द्या म्हटले, तरी पुन्हा अडथळे. शेवटी १० सप्टेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅक यांनी वाट मोकळी केली. राज्याचा गव्हर्नर स्वतः दारात आडवा उभा राहिला. ३० सप्टेंबरच्या रात्री दंगल झाली, दोन माणसे मेली, अध्यक्ष केनेडींना लष्कर पाठवावे लागले. दुसऱ्या दिवशी मेरेडिथ वर्गात बसला. एका पोराच्या प्रवेशासाठी हजारो सैनिक! ऑगस्ट १९६३ मध्ये तो पदवीधर झाला.

या काळात मिसिसिपीत मॉटलीबाईंना गाडीतून कोर्टात नेणारे मेडगर एव्हर्स हे तिथले संघटनेचे प्रमुख कार्यकर्ते होते. पोलिसांची गाडी मागे लागायची. १२ जून १९६३ च्या मध्यरात्री एव्हर्स यांना त्यांच्याच घराच्या अंगणात गोळी घातली गेली. अलाबामात मॉटलीबाई ज्या काळ्या वकिलाच्या घरी उतरत, त्या घराभोवती वस्तीची माणसे बंदुका घेऊन पहारा देत. त्या घरावर १९६३ साली बाँब पडले. कोर्टात कागद वाचणारी बाई म्हणून कोणी ही लढाई सुरक्षित समजू नये.

त्याच १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांनी मोर्चे काढले. त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली गेली. वर शाळामंडळाने हजाराहून अधिक मुलांना शाळेतून काढून टाकले, वर्ष संपायला थोडेच दिवस उरले असताना. खालच्या न्यायाधीशाने दाद दिली नाही. मॉटलीबाई अटलांटाला वरच्या कोर्टात गेल्या, आणि न्यायमूर्ती टटल यांनी त्याच दिवशी मुलांना परत घ्यायचा हुकूम दिला. आईबापांची काय अवस्था झाली असेल! मोर्चात पोराला पाठवले आणि त्याचे वर्ष गेले, हे दुःख आपल्या नामांतराच्या लढ्यातल्या घरांनाही माहीत आहे. मोर्चातल्या माणसामागे वकील उभा असला की मोर्चाला बळ येते.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले चालवले. तिथे युक्तिवाद करणारी पहिली काळी स्त्री त्याच. पहिला खटला १९६१ चा. फाशीची शिक्षा झालेल्या एका काळ्या माणसाला आरोप वाचून दाखवताना वकीलच दिलेला नव्हता. ती शिक्षा रद्द झाली. दहांपैकी नऊ खटले जिंकले. हरलेला खटला १९६५ चा: काळ्या आरोपीचा न्याय करायला बसणाऱ्या बारा पंचांतून काळ्यांना ठरवून वगळले जाते, ही तक्रार. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो जुना निकाल मोडीत काढला. म्हणजे दहावाही जिंकला म्हणा, एकवीस वर्षे उशिरा.

आता एक कडू गोष्ट. १९६१ साली मार्शल न्यायाधीश होऊन गेले तेव्हा संस्थेचे प्रमुखपद रिकामे झाले. ते मॉटलीबाईंना मिळाले नाही, एका गोऱ्या पुरुष सहकाऱ्याला मिळाले. ते गृहस्थ कर्तबगार होते यात शंका नाही. पण बाईंना ते लागले, आणि त्यांनी ते आत्मचरित्रात लिहिले. सतरंज्या घालायला बाया, जेवण करायला बाया, मोर्चात पुढे बाया, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर? आमच्या वाचक भगिनींनीच आपापल्या शाखेकडे पाहून उत्तर द्यावे.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर, म्हणजे कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहावर, निवडून गेल्या. तिथेही पहिली काळी स्त्री. गरिबांना आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी घरे व्हावीत म्हणून त्यांनी तिथे प्रयत्न केले. पण हा मुक्काम जेमतेम एका वर्षाचा. १९६५ साली त्या मॅनहॅटन या न्यूयॉर्कच्या मुख्य भागाच्या अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षअखेर निवडणुकीतही जिंकल्या. काळ्यांच्या हार्लेम वस्तीच्या सुधारणेची योजना त्यांनी पुढे आणली. चार वर्षांची मुदत होती, ती पुरी व्हायच्या आधीच बोलावणे आले. त्यांच्या आयुष्यातले राजकारण एवढेच, दोन वर्षांचे. राजकारणातच राहिल्या असत्या तर वस्तीचे अधिक भले झाले असते का, हा प्रश्न आम्हाला पडतो.

जानेवारी १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयासाठी त्यांचे नाव सुचवले. मंजुरी देणाऱ्या समितीचे प्रमुख कोण? मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड! ज्यांच्या राज्याच्या विद्यापीठाचे दार बाईंनी उघडले, त्यांच्याच टेबलावर कागद. बाई कम्युनिस्ट आहेत असा आरोप त्यांनी केला आणि सात महिने नेमणूक अडवली. ३० ऑगस्ट १९६६ रोजी ती मंजूर झाली.

न्यायाधीश झाल्यावरची एक गोष्ट आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. १९७५ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या वकिली कंपनीविरुद्ध, ती बायकांना नोकरीत डावलते, असा खटला त्यांच्यापुढे आला. कंपनीच्या वकिलाने अर्ज केला की, तुम्ही स्वतः काळ्या आणि बाई, भेदभाव सोसलेल्या, तुमच्याकडून निःपक्षपाती न्याय कसा होणार? खटला सोडा. बाईंनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, वंश, लिंग किंवा पूर्वीचे काम एवढ्यावरून न्यायाधीश बाद ठरायचा असेल, तर या कोर्टातला एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही. कारण प्रत्येकाला वंश आहे, लिंग आहे. गोऱ्या पुरुषाला गोऱ्या पुरुषांचा खटला चालवताना असा अर्ज कोणी कधी दिला होता? 'तुमचाच साहेब बसलाय, आता काय!' हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येक मामलेदाराने, प्रत्येक न्यायाधीशाने पाठीमागे ऐकलेले असते. खटला दोन वर्षांनी समझोत्याने मिटला.

त्यांनी पक्षपात केला का? निकाल बघा. १९७० साली मार्टिन सॉस्त्र या कैद्याला वर्षाहून अधिक काळ एकांत कोठडीत डांबल्याबद्दल त्यांनी त्याची सुटका त्या कोठडीतून केली आणि १३,०२० डॉलर भरपाई दिली. त्यातला काही भाग वरच्या कोर्टाने पुढच्या वर्षी फिरवला. १९७८ साली एका महिला पत्रकाराला पुरुष पत्रकारांसारखेच बेसबॉल खेळाडूंच्या खोलीत जाऊन मुलाखती घेऊ द्या, असा हुकूम दिला. पण भेदभावाच्या अनेक फिर्यादी पुराव्याअभावी त्यांनी फेटाळल्याही. काळे आणि बायका, दोन्हीकडचे लोक नाराज झाले. आपली माणूस असून असे कसे, म्हणाले. आम्हाला वाटते, ही नाराजी त्यांनी जाणूनबुजून पत्करली. वकील असताना त्यांनी न्यायाधीशाकडे कधी मेहेरबानी मागितली नव्हती, कायदा मागितला होता. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी तेच दिले. हे पचायला जड जाते, हेही खरे. ज्याच्या घरचा खटला फेटाळला गेला त्याला हे समाधान पुरत नाही.

१९८२ ते १९८६ त्या त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. नंतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून काम करीत राहिल्या. २८ सप्टेंबर २००५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर पहिली काळी स्त्री नेमली गेली, केटांजी ब्राऊन जॅक्सन. आपला वाढदिवस आणि मॉटलीबाईंचा वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर, हे त्यांनी नाव जाहीर झाल्याच्या दिवशीच सांगितले. आपल्याकडे १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले, त्या पदावर बसणारे पहिले बौद्ध.

बाबासाहेबांचे चित्र असलेले पहिले टपाल तिकीट भारत सरकारने १९६६ साली काढले, ज्या साली मॉटलीबाई न्यायाधीश झाल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ते जपून ठेवलेले आहे. मॉटलीबाईंचे तिकीट अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२४ च्या जानेवारीत काढले. 'ती मॉटली बाई' म्हणणाऱ्या मिसिसिपीतल्या घरांतही आता ते पाकिटावर चिकटून जात असणार.